टंचावर उभी राहिलेली गल्ली

कोइमतूरच्या राजा स्ट्रीटवर दागिन्यांची दुकानं झगमगत असतात आणि मागच्या बोळांत तमिळ कारागीर सोनं घडवत बसलेले असतात. याच बोळांत जिन्याखालच्या एखाद्या अरुंद खोलीतून हाक ऐकू येते, ‘‘आरं, मूस तापली का बघ की!’’ ही बोली खानापूर-आटपाडीकडची. सांगली जिल्ह्यातले हे तालुके आणि शेजारच्या साताऱ्यातले माण-खटाव, या माणदेशी पट्ट्यातून सोनं-चांदी गाळणारी माणसं अमृतसरपासून कोचीपर्यंतच्या सराफपेठांत पोचली. गावाकडे त्यांना गलाई बांधव म्हणतात. पर्जन्यछायेतल्या कोरडवाहू रानावर घर चालेना म्हणून एक जण निघाला, त्याने भावाला बोलावलं, भावाने मेहुण्याला. १९७२च्या दुष्काळात अनेकांनी हीच वाट धरली.

ज्या खोलीत बसून मी हे काम पाहिलं, तिथले मामा विट्याजवळच्या एका गावचे. सकाळी एक कारागीर मोडीचे दागिने घेऊन आला. माल १०० ग्रॅम, २२ कॅरटचा. म्हणजे शुद्ध सोनं सुमारे ९१.६ ग्रॅम. मामांनी त्याच्या देखत वजन केलं, चिठ्ठीवर मांडलं आणि मुशीत त्याच सोन्याबरोबर जवळजवळ २६६ ग्रॅम चांदी टाकली. सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात अडीचपटीहून जास्त चांदी मिसळायची, हे नवख्याला उलटंच वाटतं. पण सोनं जास्त असेल तर ते आतल्या चांदी-तांब्याला झाकून धरतं आणि ते विरघळवणारं तेजाब, म्हणजे आम्ल, आतपर्यंत पोचत नाही. सोनं फार कमी पडलं तर त्याचा बारीक गाळ होतो आणि धुताना हातचं जातं. म्हणून एकूण धातूत सोनं पाव हिस्सा ठेवायचं.

सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं. मामा तापमापक लावत नाहीत. मुशीच्या तोंडाचा रंग आणि रसाची हालचाल पाहून सांगतात. रस गार पाण्यात ओतला की तडतडत लाह्यांसारखे दाणे फुटतात. दाणा पोकळ आणि पातळ झाला की तेजाबाला चहूकडून वाट मिळते. हे दाणे काचेच्या भांड्यात तेजाबात उकळायला ठेवले की चांदी आणि तांबं विरघळायला लागतं, पाणी निळसर-हिरवट होतं आणि वर तांबूस-पिवळा धूर उठतो.

तळाशी राहते ती तपकिरी भुकटी. हेच सोनं. मामा ती ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुन्हा धुतात. नळाचं पाणी इथे चालत नाही. त्यातल्या क्षाराने उरलेल्या चांदीचा साका धरतो. धुतलेल्या पाण्यात मिठाच्या पाण्याचा थेंब टाकून बघायचं. पांढरट ढग उठला तर चांदी अजून बाकी आहे. पाणी नितळ राहिलं, की भुकटी टाकणखाराबरोबर पुन्हा मुशीत जाते आणि पिवळीधमक होऊन बाहेर येते. विरघळलेली चांदीही वाया जात नाही. त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की चांदी त्यांच्यावर करडी होऊन बसते, तांबं तिच्या जागी पाण्यात उतरतं.

हे सगळं होईस्तोवर कारागीर समोरच्या बाकावर बसून होता. शेवटी तुकड्याचं वजन झालं, घट किती आली ते चिठ्ठीवर चढलं आणि मामांनी टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, लिहिला. आता टंच काढायची यंत्रंही आली आहेत आणि जून २०२१पासून दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे. तरी माल ज्याच्या हाती सोडायचा, तो माणूस खात्रीचाच लागतो. भाषा, जात, गाव यांपैकी काहीच ओळखीचं नसताना परमुलखाने माणदेशी माणसावर सोनं सोपवलं, त्याच्या मुळाशी दर चिठ्ठीवरचा हा खरेपणा आहे.

या विश्वासाच्या भरवशावर गलाई बांधवांनी बायकापोरं आणली आणि पेठेचं रूप पालटलं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर शाळूची भाकरी थापली जाते. गणपतीत आरती मराठीत होते आणि प्रसादाच्या रांगेत तमिळ शेजारी उभे असतात. मुलं शाळेत तमिळ शिकतात, घरी माणदेशी बोलतात आणि गिऱ्हाइकाशी बापापेक्षा सफाईने व्यवहार करतात.

सोन्याने माणसं सगळ्या जगात हलवली. १८८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडला सोनं सापडलं आणि जोहान्सबर्ग उभं राहिलं. मोझांबिक, लेसोथोपासूनचे मजूर तिथे खाणीत उतरले. पण खाणमालकांनी त्यांना बायकामुलांशिवाय कुंपणाच्या आतल्या बराकींत ठेवलं. वस्ती घडते ती संसार सोबत असला तर, हे दोन्ही ठिकाणं शेजारी ठेवली की कळतं. आफ्रिकेतली एक गोष्ट मात्र आपल्याला धडा म्हणून घ्यायला हवी. खडकाच्या धुळीने हजारो खाणकामगारांची फुफ्फुसं कायमची निकामी झाली. त्यांच्या भरपाईची तडजोड जोहान्सबर्गच्या न्यायालयाने मंजूर केली ती २०१९ मध्ये, अनेक जण गेल्यावर.

तेजाबाचा तो तांबूस धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो. तो फुफ्फुसात खोल जातो आणि कधी कधी त्रास काही तासांनी उमटतो, त्यामुळे कामाच्या वेळी माणूस गाफील राहतो. मामांच्या खोलीत एक पंखा धूर खिडकीबाहेर ढकलतो. म्हणजे धूर बोळातल्या सगळ्यांच्याच वाट्याला येतो. धूर क्षाराच्या पाण्यातून धुऊन मगच बाहेर सोडणारी यंत्रणा ही काही अवघड विद्या नाही. एकट्या दुकानदाराला तिचा खर्च जड जातो, बोळातल्या दहा जणांनी मिळून केला तर जात नाही. सराफ संघटनांनी त्यात वाटा उचलावा, कारण शुद्ध सोन्याचा फायदा त्यांनाही मिळतो.

दुसरं काम गावाकडचं आहे. जत्रेला आणि लग्नसराईला हे लोक देशभरातून परत येतात. त्याच दिवसांत विटा, आटपाडी, दहिवडी, वडूज इथे त्यांच्या श्वासाची क्षमता मोजणारी तपासणी ठेवावी आणि दरवर्षीची नोंद जपावी. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आता या भागातल्या कितीतरी शिवारांत आलं आहे, पण ते यायच्या आधी कित्येक घरं गलाईच्या पैशांवर जगली, मुलं शिकली, देवळं आणि शाळा बांधल्या गेल्या. ज्यांच्या श्वासावर हे उभं राहिलं, त्यांचा श्वास मोजणं ही गावाची जबाबदारी आहे आणि ती येत्या हंगामापासून उचलता येईल.