मावळातली निर्धूर चूल

निर्धूर चूल म्हणजे सर्व बाजूंनी बंदिस्त, धुराड्याची चूल. तीन दगडांच्या उघड्या चुलीत जळणाच्या उष्णतेचा साधारण दहावा हिस्साच भांड्याला लागतो. चांगल्या सुधारित चुलीत तो 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जातो.

रचना साधी असते. लाकूड जाळीवर ठेवतात. हवा खालून येते आणि राख खाली पडते. ज्वाळा पहिल्या भांड्याखाली जळते, तापलेला वायू पुढे दुसऱ्या, वैलाच्या भांड्याखालून सरकतो आणि उरलेला धूर धुराड्यातून छपराबाहेर जातो. तोंड मोठे ठेवले तर गार हवा आत शिरून आच मंदावते. फार लहान ठेवले तर लाकूड नीट न जळता धुमसते. धुराड्यात काजळी साचली की ओढ जाते आणि धूर पुन्हा स्वयंपाकघरात येतो. म्हणून नळी झाडणे हा चुलीचाच भाग समजायला हवा.

महाराष्ट्रात चुली सुधारण्याच्या कामाची परंपरा जुनी आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत 1947 च्या सुमारास मगनचूल तयार झाली. 1980 च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तो 2002 मध्ये संपला. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 मध्ये स्थापन केलेल्या ‘आरती’ संस्थेने चुली आणि जळण या दोन्हींवर काम केले. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तिच्या तंत्राला 2002 मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

मावळात, बेडशासारख्या पवना खोऱ्यातल्या गावांत, चुलीची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते, वाळलेल्यात 15 ते 20 टक्के. ओले सरपण घातले की बरीचशी आच पाणी उडवण्यातच खर्च होते. त्यापुढे उत्तम चूलही हतबल. लाकूड वैशाखातच तोडून, फोडून रचून ठेवणे हीच सर्वांत स्वस्त सुधारणा. शिवाय श्रावणात चुलीवर नुसता स्वयंपाक होत नाही. तिच्या उबेने घर कोरडे राहते, तिच्यावर टांगलेले सरपण वाळते. इंग्लंडच्या कालव्यांवरच्या राहत्या बोटींत बिडाची छोटी शेगडी खोली तापवते आणि वर किटलीही उकळते; तिथे भांड्याला न लागलेली उष्णता वाया जात नाही. मावळात तीच उष्णता पावसाळ्यात हवीशी, चैत्रात नकोशी. सरकारी आराखड्यांनी हा फरक फारसा धरला नाही.

2016 च्या उज्ज्वला योजनेनंतर खेड्यांत गॅस पोचला, तरी अनेक घरांत आंघोळीचे पाणी लाकडावरच तापते. यासाठी पुणेकरांचा तांब्याचा बंब आजही मोलाचा: मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, त्यामुळे उघड्या चुलीवरच्या हंड्यापेक्षा कमी जळण पुरते. सुधारणेला पैसे थोडे असतील, तर मावळच्या घराने आधी न्हाणीतला जाळ बंदिस्त करावा.