हातचा न आलेला वर्ग

सोलापूरच्या एका वाचकांचं पत्र आलंय. मागच्या लेखातला नऊ एकांचा वर्ग, म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१, त्यांनी एक्सेलमध्ये ताडून पाहिला, तर शेवटी ४३२१ऐवजी ४३०० आलं. नातवाने जावास्क्रिप्टमध्ये केला, तर ४३२०. ‘आता खरं कोणाचं?’

खरं कागदाचं. एकाला एकाने गुणल्यावर शेवटी एकच येणार, शून्य कुठून येईल? शिवाय नवाची कसोटी आहेच. १११११११११च्या अंकांची बेरीज ९, म्हणजे वर्गालाही ९ने भाग जायला हवा. एक्सेलच्या उत्तराची बेरीज ७८ आणि नातवाच्या उत्तराची ८०. दोन्ही नापास.

एक्सेल पहिले पंधरा अंक धरतं आणि पुढे शून्यं भरतं. आपली संख्या सतरा अंकी. नातवाचा मामला जरा वेगळा आहे. तिथे संख्येला ५३ द्विमान अंकांपुरतीच जागा असते. २चा ५३वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. तिथून त्याच्या दुपटीपर्यंत फक्त सम संख्या नेमक्या मावतात. आपली विषम, म्हणून ती शेजारच्या सम संख्येवर जाऊन बसली.

आता चौकटीची वही घ्या आणि हा गुणाकार शाळेतल्यासारखा मांडा. १११११११११च्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मधल्या रकान्यात नऊ, आणि तिथून पुन्हा एकेक कमी. कुठेच हातचा येत नाही, म्हणून रकान्यातले १ मोजले की तोच उत्तरातला अंक. वहीत एकूण नऊ नव्वे ८१ वेळा १ लिहिलेला असतो, आणि उत्तराच्या अंकांची बेरीजही ८१!

माझा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीवर आहे. उत्तराचे उजवीकडचे नऊ अंक तोडा: ९८७६५४३२१. डावीकडे उरले १२३४५६७८. दोघांची बेरीज करा: ९९९९९९९९९. नवाच्या कसोटीसारखंच, याचा अर्थ ९९९९९९९९९ने या वर्गाला पूर्ण भाग जातो, आणि भागाकार येतो १२३४५६७९. आठ गायब! याच १२३४५६७९ला ४५ने गुणून नऊ पाच काढायची गंमत शाळेत बहुतेकांनी केलेली असते.

देवळालीचे गणितशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हटलं. डेम्लो हे रेल्वे स्टेशन, आजची डोंबिवली. रोज लोकलला लटकणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

दहा एकांचा वर्ग केलात की मधल्या रकान्यात १० होतात, ० मांडून १ हातचा. तो डावीकडच्या नवाला मिळतो, तिथेही १०. पुन्हा हातचा, तो आठाला मिळून ९ होतात आणि पुढे शांतता. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा आठ पुन्हा गायब, आणि या वेळी तो कुठे गेला ते वहीत दिसतं. अकरा एकांचा वर्ग वाचकांनी करून पाहावा. एक्सेलमध्ये नाही.