नोड गप्प झाला, म्हणजे मेला का?

मोठी ऑनलाइन सेवा आज एकाच संगणकावर चालत नाही. तिचे भाग कंटेनरमध्ये बांधून अनेक यंत्रांवर विखुरलेले असतात. कुठला कंटेनर कुठे चालवायचा हे बहुतेक ठिकाणी कुबरनेटिस ठरवतं. गूगलने 2014 मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं. यातलं प्रत्येक यंत्र म्हणजे नोड.

नोड बिघडला की 'क्यूबसीटीएल गेट नोड्स' ही आज्ञा 'नॉट रेडी' एवढंच सांगते. पुष्कळ जण लगेच यंत्र रीस्टार्ट करतात. ही घाई मला पटत नाही. बिघाडाचा बराचसा पुरावा त्यात पुसला जातो.

त्याआधी 'क्यूबसीटीएल डिस्क्राइब नोड' चालवावं आणि 'रेडी'समोर 'फॉल्स' आहे की 'अननोन' ते पाहावं. प्रत्येक नोडवरचा क्यूबलेट हा प्रोग्रॅम दर 10 सेकंदांनी मुख्य यंत्रणेकडे हजेरी लावतो. 'फॉल्स' असेल तर क्यूबलेट जिवंत आहे, स्वतःच तक्रार करतोय आणि कारणही तिथेच लिहिलेलं असतं. 'अननोन' म्हणजे हजेरीच थांबली. पण नेटवर्क तुटलं असेल किंवा प्रमाणपत्राची मुदत संपली असेल, तर आतले कंटेनर बिनबोभाट चालूही असतात! मुख्य यंत्रणेला हे दुरून कळत नाही. साधारण 5 मिनिटं थांबून ती त्यांच्या जागी दुसरीकडे नवे उभे करते. डेटाबेससारख्या कामात मात्र जुना नक्की संपल्याशिवाय नवा उभा राहत नाही, कारण एकाच माहितीवर दोघे लिहू लागले तर ती बिघडते. अशा वेळी जुना पॉड, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट, जबरदस्तीने पुसून टाकणं धोक्याचं.

म्हणून थेट नोडवर लॉगिन करावं. 'जर्नलसीटीएल -यू क्यूबलेट'मध्ये क्यूबलेटच्या नोंदी मिळतात. 'सीआरआयसीटीएल पीएस' मुख्य यंत्रणेला न विचारता चालू कंटेनर दाखवतं.

डिस्कचं दुखणं तर फार फसवं. 'डीएफ -एच'मध्ये जागा शिल्लक दिसते, तरी जागा नसल्याची चूक येत राहते. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टममध्ये प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो आणि त्यांची संख्या ठरलेली असते. कंटेनर इमेजमधल्या हजारो बारीक फाइली ते संपवतात. 'डीएफ -आय' केलं की हे उघड होतं. लिनक्सवर मोकळे आयनोड 5 टक्क्यांखाली किंवा मोकळी जागा 10 टक्क्यांखाली गेली, की क्यूबलेट 'डिस्क प्रेशर' जाहीर करून पॉड हाकलू लागतो. या मूळ मर्यादा बदलताही येतात.

दुरुस्तीआधी 'कॉर्डन' करून नवं काम थांबवावं, 'ड्रेन'ने जुनं हलवावं. शेवटी 'अनकॉर्डन' राहून गेलं, तर नोड 'रेडी' दिसतो, पण शेजारी 'शेड्युलिंग डिसेबल्ड' असतं आणि नेहमीचे नवे पॉड तिथे येतच नाहीत.