मोंढ्याची भाषा कोणती?

नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादच्या मोंढ्यात मिरचीचा भाव मराठीत विचारला जातो तसा तेलुगूतही. एखाद्या अडत्याच्या घरात मारवाडी चालते, हमालांच्या हाका दखनीत ऐकू येतात आणि मिरचीची देठं खुडता खुडता तांड्यावरची बंजारा बाई लेकराला गोरमाटीत दटावते. आपण इतक्या भाषा बोलतो याचं इथं कुणाला अप्रूप नाही. रेल्वेनं पुढचं स्टेशन बासर, आणि ते तेलंगणात.

ही सरमिसळ सीमेमुळे झाली असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर सीमाच नंतर आली. हैदराबाद संस्थानात धर्माबाद मुधोळ तालुक्यात होतं आणि मुधोळ नांदेड जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ला भाषावार प्रांतरचना झाली आणि तालुकाच दुभंगला. मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळं आंध्र प्रदेशात गेली, धर्माबाद मुंबई राज्यात राहिलं. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळंही तिकडे गेली. सोयरिकी मात्र कुणाला वाटून घेता आल्या नाहीत. मुधोळ-भैंशाकडं आजही मराठी घरं आहेत आणि बिलोली-धर्माबादेत तेलुगू.

शेजार इतका जुना की तो व्याकरणात मुरला. ‘आम्ही जेवलो’ म्हटलं तर ऐकणारा पंगतीबाहेर, ‘आपण जेवलो’ म्हटलं तर तोही पंगतीत. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद नाही, तेलुगूच्या ‘मेमु’ आणि ‘मनमु’मध्ये नेमका आहे. मराठीतला हा भेद द्राविडी भाषांच्या सहवासातून आला, असं भाषाभ्यासक मानतात. मराठीनंही हात आखडता घेतला नाही. दखनीतलं ‘नक्को’ आपल्या ‘नको’चं, आणि ‘वैसाइच’मधला शेवटचा ‘च’ही आपलाच.

कागदावर मात्र वेगळीच भाषा होती. निजामाचा कारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचं माध्यमही उर्दूच होतं. म्हणून तर २०२३मध्ये मराठवाड्यात जुन्या कागदपत्रांतल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडीबरोबर उर्दू वाचणाऱ्यांचीही गरज भासली.

कारभाराची भाषा एक आणि बाजाराची दुसरी, हे चित्र पश्चिम आफ्रिकेत फार मोठ्या पटावर दिसतं. एकट्या नायजेरियात पाचशेहून अधिक भाषा आहेत, पण राजभाषा इंग्रजी. आयव्हरी कोस्टमध्ये राजभाषा फ्रेंच, तरी बाजारात परक्या गावच्या माणसाशी व्यवहार करायला द्यूला ही व्यापाऱ्यांची भाषा कामी येते. आपल्या मोंढ्यात ते काम दखनी करते. तिला राजाश्रय नाही, पण सगळ्यांची गरज भागते.

मला काळजी वाटते ती शाळेची. घरी तेलुगू किंवा गोरमाटी बोलणारं लेकरू पहिलीत अडखळलं की ‘कच्चं’ ठरतं. तीन भाषांत सौदा समजणाऱ्या मुलाला हा शिक्का बसावा, हा अन्याय आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं, जिथं शक्य असेल तिथं, किमान पाचवीपर्यंत घरची किंवा मातृभाषा माध्यम असावी असं म्हटलंय. पण गोरमाटी इथं देवनागरीत लिहितात आणि तेलंगणात तेलुगू लिपीत. सीमेपलीकडं छापलेली गोष्ट अलीकडच्या पोराला ऐकून कळेल, वाचता येणार नाही. किनवट-माहूरकडच्या गोंडी आणि कोलामी मुलांची अडचण याहून मोठी, कारण त्यांच्या घरची भाषा मराठीच्या कुळातलीच नाही. या भागात नेमणूक होणाऱ्या गुरुजींना मुलांच्या घरची भाषा निदान बोलण्यापुरती शिकवावी. शिकवणारी माणसं त्याच गावात, त्याच मोंढ्यात आहेत.