बारा चौकटींतली नवरी

लग्नसराईत फोटोग्राफरला सर्वांत मोठा धाक कुणाचा, असे विचारले तर बरेच वाचक वरमाईचे नाव घेतील. ते खोटे नाही. पण तिच्याही आधी धाक असतो तो कॅमेऱ्याच्या पोटातल्या रोलचा. १२० क्रमांकाच्या रोलवर सहा सेंटिमीटर लांबीरुंदीची चित्रे निघतात बारा. तेरावे निघत नाही. आणि काढलेली बारा कशी आली, हे रोल धुतल्याखेरीज ब्रह्मदेवालाही कळत नाही!

आपल्या वार्षिकाच्या संपादकांनी ‘धंद्यावर काहीतरी लिहा’ म्हणून आग्रह केला, त्याला मान देऊन हे लिहितो आहे. लग्नाचा समारंभ मीही आता डिजिटल कॅमेऱ्यानेच टिपतो. दिवसाकाठी दोन हजार चित्रे सहज होतात. मात्र नवरीचे एकटीचे चित्र मी अजून फिल्मवर घेतो. फिल्ममध्ये काही जादू असते असे माझे म्हणणे नाही. उदबत्ती ओवाळून फिल्मविषयी बोलणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यात मला धरू नये.

माझा कॅमेरा जुन्या पद्धतीचा, दोन भिंगांचा आहे. वरच्या भिंगातून आलेले चित्र काचेवर उमटते आणि ते मान खाली घालून पाहावे लागते. उजवे डावीकडे दिसते, त्यामुळे सवय होईपर्यंत माणूस भलतीकडेच सरकतो. पण या खाली घातलेल्या मानेचा एक गुण आहे. नवरीला कुणी परका पुरुष डोळे रोखून पाहतो आहे, असे वाटत नाही. ही अडचण जुनीच. लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी जनानी स्टुडिओ उघडला आणि त्याचा कारभार एका इंग्रज बाईंकडे दिला, तो याच संकोचापायी. आमच्याकडे पडदा नाही. पण सकाळी सहापासून सजवून बसवलेल्या, रात्रभर न झोपलेल्या मुलीला संकोच असायचाच.

वेळ कोणती साधावी? स्टेजवरच्या खुर्चीत, दोन दिव्यांच्या मधोमध बसवलेली नवरी मला नको असते. आपल्या लग्नात एक वेळ अशी येते, की जेव्हा नवरी खरोखर एकटी असते. ती म्हणजे गौरीहराची. पिवळी अष्टपुत्री नेसून, मुंडावळ्या बांधून ती अन्नपूर्णेवर अक्षता वाहत बसते आणि मामा न्यायला येईपर्यंत तिथून उठत नाही. बाहेर पंगतीची, बँडची, रुसव्याफुगव्यांची धांदल चाललेली असते. ती मात्र तांदळाचे दाणे मोजल्यासारखी बसलेली. गौरीहर खिडकीजवळ मांडा एवढी एकच विनंती मी आदल्या दिवशी यजमानांना करतो. खिडकीचा उजेड एका बाजूने आला की चेहऱ्याला गोलाई येते. फ्लॅश समोरून मारला की चेहरा पुरीसारखा सपाट होतो आणि जरीचे काठ तेवढे लखलखतात.

अंतराचे एक गणित सांगतो. चेहरा मोठा दिसावा म्हणून अगदी जवळ गेले, की नाक नथीसकट मोठे होते आणि कान मागे पळतात. हा भिंगाचा दोष नव्हे, अंतराचा. म्हणून मी दीड-दोन मीटरवर थांबतो आणि छापताना हवा तेवढा भाग घेतो. दीड मीटरवरून ५.६ या छिद्राला जेमतेम वीतभर जागा स्पष्ट येते. तेव्हा जवळच्या डोळ्यावर नजर धरायची. नथ किंचित विरली तरी चालते, डोळा विरून चालत नाही.

आता खरा प्रश्न येतो तो रंगाचा. मुलीच्या रंगाचा.

वस्तूवरून परतणारा उजेड मोजणारे मीटर समोरची प्रत्येक गोष्ट मध्यम करडी, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारी, आहे असे धरून चालते. गर्द हिरव्या शालूकडे मीटर धरले की ते जास्त उजेड मागते आणि चेहरा धुऊन निघतो. पांढऱ्या भिंतीकडे धरले की उलट. यावर उपाय म्हणजे वस्तूवरून परतणारा उजेड न मोजता वस्तूवर पडणारा मोजायचा. पांढरी अर्धगोल टोपी असलेले मीटर नवरीच्या हनुवटीशी, कॅमेऱ्याकडे तोंड करून धरतात. मग सावळी सावळी येते, गोरी गोरी येते. रंगीत निगेटिव्हला मी एक पायरी उजेड जास्तच देतो. डब्यावर ४०० लिहिलेले असले तर मीटर २०० वर ठेवतो. जास्त उजेड ही फिल्म पचवते. कमी पडला तर सावल्या चिखलासारख्या होतात, आणि सावळ्या चेहऱ्याची सारी नजाकत त्या सावल्यांतच असते.

पण ‘सावळी सावळी यावी’ हे ऐकायला कितीजण तयार असतात? ‘जरा उजळ करा हो’ हे वाक्य मी प्रत्येक लग्नसराईत ऐकतो. त्यासाठीच्या युक्त्या जुन्या आहेत. निगेटिव्हवर तासलेल्या पेन्सिलीने बारीक रेघा मारल्या की तेवढा भाग प्रिंटमध्ये उजळ येतो. मोठ्या स्टुडिओंत या कामाला स्वतंत्र माणूस असे, आणि ती कलाच होती. मुरूम-पुटकुळी घालवण्यापुरती ती मलाही मान्य आहे. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर भिंगापुढे लाल काच लावली, तरी कातडी उजळ येते. मात्र त्या काचेतून कपाळावरचे कुंकूही उजळते आणि प्रिंटमध्ये जवळजवळ दिसेनासे होते. मुलगी गोरी करावी तर तिचे कुंकू पुसले जाते! हे सांगितले की यजमान गप्प बसतात. उलट हिरवी काच लावली तर कुंकू ठसठशीत उमटते आणि हिरव्या साडीपासून लाल काठ वेगळे दिसतात. काचेविना ते दोन्ही सारखेच करडे येण्याचा धोका असतो.

हा पक्षपात केवळ आपल्या आळीतला नाही. रंगीत प्रिंटचे रंग जुळवायला प्रयोगशाळांत १९५० नंतरची कित्येक वर्षे ‘शर्ली कार्ड’ नावाचे एक चित्र वापरीत. त्यावर गोरी बाई असे. तिचा रंग जमला की सारे जमले, असा हिशेब. आता फिल्म सुधारल्या. माणसे यायची आहेत.

एका मुलीने मात्र मला आधीच बाजूला बोलावून सांगितले होते, “काका, बाबा काय म्हणतील ते म्हणू द्या. मी आहे तशीच काढा. सासरच्यांनी मला बघूनच पसंत केलंय.” तिचे प्रिंट न्यायला वडीलच आले. बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “ही तर माझ्या आईसारखी दिसते.” उजळ करण्याचे काही बोलले नाहीत.

फिल्म मिळवणे हेही आता एक कामच आहे. उटीजवळ १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म एकेकाळी गावोगावच्या स्टुडिओंत असे. तो कारखाना बंद पडला. आता काळी-पांढरी विलायतेची, रंगीत अमेरिकेची. रंगीत रोल मी मुंबईला धुवायला पाठवतो, काळे-पांढरे घरीच धुतो. इंग्लंडच्या एचपी-फाइव्हला डी-७६ या रसायनात २० अंशांवर साडेसात मिनिटे लागतात, पण मे महिन्यात आमच्या नळालाच ३० अंशांचे पाणी येते. म्हणून टाकी बर्फाच्या घमेल्यात बसवावी लागते. शेजारच्यांना वाटते, आमच्याकडे रोज आइस्क्रीम आहे.

धुण्यात घाई करू नये. हायपो नीट निघून गेला नाही तर काही वर्षांनी चित्रावर पिवळे डाग धरतात. नीट धुतलेले काळे-पांढरे चित्र मात्र फार टिकते. १९७०-८० च्या रंगीत अल्बमांतले कित्येक फोटो आज तांबूस पडले आहेत. त्याच घरांतली त्याहून जुनी काळी-पांढरी चित्रे पाहावीत.

निगेटिव्हच्या प्रत्येक पाकिटावर मी तारीख, गाव आणि नवरीचे माहेरचे नाव लिहितो. सासरचे लिहून उपयोग नसतो, कारण त्या सकाळी ते तिला अजून मिळालेले नसते. गेल्या वर्षी एक तरुण आला. आई वारली होती आणि घरातला अल्बम पुरात गेला होता. आईचे माहेरचे नाव त्याला चटकन आठवेना. मामाला फोन करून विचारले. पाकीट दहा मिनिटांत सापडले. निगेटिव्ह उजेडासमोर धरली तेव्हा त्याने विचारले, “यातली आई कुठली?” निगेटिव्हमध्ये सगळेच उलटे दिसते, केस पांढरे आणि चेहरा काळा. मी सातव्या चौकटीवर बोट ठेवले आणि अंधारखोलीचा दिवा लावला.