मल्लखांब : फक्त टाळ्या वाजवण्यापुरता नव्हे

गणेशोत्सवात समाजाच्या कार्यक्रमात मल्लखांबाचे प्रात्यक्षिक असले की सभागृह भरते. मुले खांबावर सरसर चढतात, शेंड्यावर पोटावर तोल सांभाळतात, दोरीवर उलटी लटकून हात जोडतात. आपण टाळ्या वाजवतो, प्रशस्तिपत्रे देतो आणि घरी जाताना हमखास एक वाक्य बोलतो : "हे आपल्या मुलांना काही जमायचे नाही बुवा." स्वतःबद्दल तर बोलायलाच नको!

आम्ही, समाजातल्या चार-पाच निवृत्त मंडळींनी, गेल्या वर्षी हे वाक्य तपासून पाहायचे ठरवले. आमच्यापैकी निम्म्यांचे आयुष्य बँकेत ताळेबंद जुळवण्यात गेले, त्यामुळे ऐकीव गोष्टीवर सही करायची नाही ही सवय अंगात मुरलेली. काही महिने सकाळी सरावाच्या जागी जाऊन बसलो, विचारपूस केली, वाचन केले, आणि शेवटी दोरीला हातही लावला. त्यातून जे कळले ते सर्व सभासदांना सांगावे म्हणून हा लेख.

खांब कुस्तीसाठी, पण फक्त पैलवानांसाठी नव्हे

मल्ल म्हणजे पैलवान. त्याच्या सरावाचा खांब तो मल्लखांब. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने लिहिलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लांच्या व्यायामात खांबाचा उल्लेख सापडतो. पुढे ही विद्या मागे पडली. तिला पुन्हा उभे केले ते दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्यात आले आणि त्यांनी कुस्तीचे आव्हान दिले. बाळंभटदादांनी सप्तशृंगी देवीची उपासना केली आणि वानरांच्या उड्या पाहून खांबावर डाव बसवले, अशी आख्यायिका आहे. अलीला त्यांनी चीत केले, गुलाब लढलाच नाही. आख्यायिकेचा तपशील बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट लक्षात येते. खांब हा ज्याच्यावर रोज डाव करून पाहता येतो असा जोडीदार आहे. तो दमत नाही, चिडत नाही, जागा सोडत नाही.

पुरलेला मल्लखांब शिसवी किंवा सागवानी लाकडाचा असतो. जमिनीवर साधारण अडीच मीटर उंच, खाली जाड आणि वर निमुळता, त्यावर मान आणि मानेवर बोंड. त्याला एरंडेल तेल लावतात, म्हणजे कातडे सोलत नाही. दुसरा प्रकार टांगता मल्लखांब. तो आखूड असतो आणि साखळीला लटकतो, म्हणून करणाऱ्याबरोबर तोही फिरतो. तिसरा प्रकार दोरीचा. पूर्वी वेत वापरत, आता अंगठ्याएवढी जाड सुती दोरी असते. तिला एकही गाठ मारलेली नसते. सगळी पकड हातांची आणि पायाच्या अंगठ्याशेजारच्या बेचक्याची.

डावांची नावे ऐकली तरी मराठी कान सुखावतात : अढी, तेढी, बगली, दसरंग, सुईदोरा, वेल, फरारे, उतरती, ताजवा. यातली अढी म्हणजे पायांनी खांबाला घातलेला विळखा. सगळ्या इमारतीचा पाया तोच. आमची पहिली चूक इथेच लक्षात आली. आपण प्रात्यक्षिकात शेवटचा मजला पाहतो आणि त्यावरून पहिल्या पायरीचा अंदाज बांधतो. पहिली पायरी म्हणजे जमिनीपासून हातभर उंचीवर खांब पायांत धरून पाच आकडे मोजणे, एवढीच असते.

उज्जैनचे खाते

ही विद्या पुण्यातून निघाली खरी, पण तिचा हिशोब उज्जैनचे नाव घेतल्याशिवाय पूर्ण होत नाही. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने परदेशी प्रेक्षकांसमोर भारतीय व्यायामप्रकार दाखवले, त्यात मल्लखांब होता. स्वातंत्र्यानंतर काही वर्षे मल्लखांबाच्या स्पर्धा जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय स्पर्धांबरोबर होत, पण पुढे ती वाट बंद झाली. त्यानंतर १९८०-८१ च्या सुमारास उज्जैनच्या अच्युतानंद व्यायामशाळेचे बमशंकर जोशी यांनी पुढाकार घेऊन निरनिराळ्या राज्यांतली मंडळी एकत्र आणली आणि मल्लखांबाचा स्वतंत्र राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. आज देशभर ज्या राष्ट्रीय स्पर्धा होतात, त्यांचे एक मूळ आपल्या गावात आहे.

मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्य खेळाचा दर्जा दिला. २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना मिळाला. २०२३ च्या सुरुवातीला खेलो इंडिया युवा स्पर्धा आपल्या राज्यात झाल्या, तेव्हा मल्लखांबाची स्पर्धा उज्जैनलाच होती. थोडक्यात, मुंबई-पुण्याच्या माणसाने हेवा करावा अशी ठेव आपल्या दाराशी आहे. ती बहुतेक मराठी घरांनी वापरलेली नाही, एवढाच काय तो प्रश्न.

डोळ्यांवाचून दोरी

आमच्या मनातली दुसरी समजूत अशी, की हे काम चपळ, सडपातळ, धडधाकट मुलांचे. ती मोडली दादरच्या एका उदाहरणाने. शिवाजी पार्कवरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ सालचे. तिथे उदय देशपांडे यांनी अनेक दशके मल्लखांब शिकवला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामातला आम्हाला सर्वांत मोठा वाटलेला भाग म्हणजे त्यांनी दृष्टिहीन मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवला, आणि त्या मुलींनी लोकांसमोर प्रात्यक्षिके केली.

हे कसे शक्य होते, याचा आम्ही विचार केला. चेंडूचा खेळ घ्या. चेंडू कुठून येतो, जोडीदार कुठे आहे, रेषा कुठे आहे, सगळे डोळ्यांवर. दोरीचे तसे नाही. ती एकदा हातात आली की सुटत नाही. वर कुठे, खाली कुठे, किती चढलो, हे सगळे तळहात आणि तळपाय सांगतात. चांगले दिसणारी मुलेसुद्धा दोरीवर निम्मे काम न पाहताच करतात. उलटे लटकल्यावर पाठीमागची दोरी कोणाला दिसते? शिकवणाऱ्याला मात्र पद्धत बदलावी लागते. 'असे कर' म्हणून करून दाखवता येत नाही. हात धरून पकड बसवावी लागते आणि प्रत्येक हालचालीला नेमका शब्द द्यावा लागतो.

हे वाचले त्याच आठवड्यात आमच्यापैकी एकांना आपली नात आठवली. तिची दृष्टी जन्मापासून फार अधू. समाजाच्या क्रीडादिनी ती दरवर्षी येते, आणि दरवर्षी आपण तिला एकच काम देतो : विजेत्यांच्या हातात बक्षीस ठेवायचे. आपल्या मनात प्रेमच असते, पण तिला एकदाही कोणी शर्यतीच्या रेषेवर उभे केले नाही. आम्हीही नाही.

आजोबांनी तिला सरावाला आणले. प्रशिक्षकांनी आधी जाड गादी चाचपून दाखवली, मग दोरी हातात दिली. तिने विचारले, "ही वर किती आहे?" ते म्हणाले, "तुझ्या हातांनीच मोज." पहिल्या दिवशी तिने तीन हात मोजले आणि उतरली. तळवे लाल झाले होते. घरी जाताना ती आजोबांना दुखते म्हणून सांगेल असे आम्हाला वाटले होते. तिने सांगितले ते एवढेच, की उद्या लवकर निघू. दिवाळीपर्यंत तिचे अकरा हात झाले.

मुली, वनवासी मुले आणि आपण

स्पर्धांत बराच काळ मुलांसाठी खांब आणि मुलींसाठी दोरी अशी वाटणी होती. आता मुलीही पुरलेल्या खांबावर उतरतात. मुंबईच्या हिमानी परब हिला मल्लखांबासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला आहे. शेजारच्या छत्तीसगडमध्ये नारायणपूरच्या अबूझमाड मल्लखांब अकादमीतल्या वनवासी मुलांनी २०२३ मध्ये दूरचित्रवाणी वाहिनीवरची मोठी कलास्पर्धा जिंकली, ती अनेकांनी घरी बसून पाहिली असेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा परदेशी खेळाडूही खांबाला नमस्कार करूनच वर चढले. या सगळ्यांना एक खांब, एक दोरी आणि एक गादी एवढेच साहित्य लागते. महागडे बूट नाहीत, की मोठे मैदान नाही. खेळ अनवाणीच करायचा.

साठीनंतर काय?

हा प्रश्न आमचा स्वतःचा. आमच्यातले एक जण दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून पडले. हाड मोडले नाही, पण जमिनीवरून स्वतःचे स्वतः उठता येईना. पंधरा-वीस मिनिटे तसेच पडून राहिले. त्यानंतर त्यांनी सकाळचे फिरणे सोडले, समाजात येणेही कमी झाले. पडण्यापेक्षा पुन्हा उठता येणार नाही, ही भीती मोठी होती.

प्रशिक्षकांनी आम्हाला खांबावर चढवले नाही, आणि चढवूही नये. त्यांनी आम्हाला लोंबती दोरी दिली. पहिला प्रकार : दोरी दोन्ही हातांनी धरून उभे राहायचे, पाय जमिनीवरच ठेवून हळूहळू मागे झुकायचे आणि हातांनी स्वतःला परत ओढून घ्यायचे. दुसरा : दोरी धरून खुर्चीवर बसतो तसे अर्धे खाली जायचे आणि वर यायचे. तिसरा, आणि आमच्या मित्रासाठी सर्वांत महत्त्वाचा : गादीवर पूर्ण बसायचे आणि दोरीच्या आधाराने, एकेक हात वर सरकवत, उठून उभे राहायचे. वयाबरोबर हाताची पकड, मांड्यांची ताकद आणि तोल तिन्ही कमी होतात. हे तीन प्रकार नेमके त्यांनाच काम देतात. कोणाला किती जोर लावायचा हे दोरी ठरवत नाही, ज्याचे त्याने ठरवायचे. म्हणूनच आठ वर्षांचा मुलगा आणि सदुसष्ट वर्षांचा गृहस्थ एकाच दोरीवर, एकामागून एक, आपापला व्यायाम करू शकतात.

आमचे मित्र पहिल्या आठवड्यात दोघांच्या मदतीने उठले. दीड महिन्याने फक्त दोरीच्या मदतीने. त्यानंतर एके दिवशी त्यांनी दोरी सोडून, गुडघ्यावर हात टेकवून उठून दाखवले. टाळ्या आम्ही वाजवल्या, पण त्यांना घाई चहाची होती.

सुरुवात करताना

अनुभवावरून काही गोष्टी नोंदवतो.

प्रशिक्षकाशिवाय आणि जाड गादीशिवाय कोणीही, कोणत्याही वयात, दोरीला किंवा खांबाला हात लावू नये. घरी गच्चीवर दोरी बांधून प्रयोग करू नयेत.

रक्तदाब, काचबिंदू, हृदयविकार, मणक्याचा किंवा खांद्याचा त्रास, ठिसूळ हाडे यांपैकी काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. ज्येष्ठांनी उलटे लटकण्याच्या भानगडीत पडूच नये.

लहान मुलांना सहा-सात वर्षांपासून आणायला हरकत नाही. पहिले काही आठवडे नुसती पकड, अढी आणि उतरणे. चढण्यापेक्षा उतरणे आधी नीट शिकावे. घाईत घसरले की कातडे भाजल्यासारखे सोलते.

अंगठी, घड्याळ, साखळी, बांगड्या घरी ठेवाव्यात. नखे कापलेली असावीत. पोट रिकामे किंवा अगदी हलके असावे. पोहे-जिलेबीचा कार्यक्रम सरावानंतर!

ज्या मुलांना दिसण्याची, ऐकण्याची किंवा हालचालीची अडचण आहे, त्यांच्या पालकांनी प्रशिक्षकांना ती पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावी. लपवल्याने नुकसान होते, सांगितल्याने पद्धत बदलता येते.

शेवटी एक विनंती. येत्या क्रीडादिनी आपण कोणाला खेळायला उभे करतो आणि कोणाला खुर्चीवर बसवतो, याची यादी कार्यकारिणीने एकदा नव्याने पाहावी. यंदाच्या गणेशोत्सवात बक्षिसे हातात द्यायला दुसरे कोणी तरी शोधावे लागेल, कारण त्या वेळी आमची नात दोरीवर असेल. ज्यांना स्वतःला किंवा मुला-नातवंडांना सरावाला आणायचे आहे, त्यांनी समाजाच्या कार्यालयात नाव द्यावे. सकाळी आम्ही तिथे असतोच.