ड्रॉइंगच्या पोटातलं ओझं

आर्किटेक्टच्या ऑफिसात ऑटोकॅड रेंगाळायला लागलं की पुढचा क्रम ठरलेला असतो. ड्राफ्ट्समन म्हणतो, "सर, मशीन स्लो झालंय." सर हार्डवेअरवाल्याला फोन लावतात, तो रॅम वाढवतो आणि बिल ठेवून जातो. दोन दिवस सगळ्यांना फरक पडल्यासारखा वाटतो, मग कर्सर पुन्हा अडखळायला लागतो. रॅम कमी असेल तर वाढवायलाच हवी. पण ती कमी होती का, हे कुणी बघितलेलंच नसतं.

म्हणून आधी एक फुकटची तपासणी. ऑटोकॅड बंद करून पुन्हा उघडा, कोरी फाइल घ्या, चार रेघा मारा, एखादा हॅच भरा, झूम करून बघा. इथे सगळं झरझर चाललं आणि नेहमीच्या ड्रॉइंगमध्येच अडकत असेल, तर दोष फाइलचा. कोऱ्या फाइलमध्येही तेच रडगाणं असेल, तर मशीनकडे वळायचं. बहुतेक ऑफिसांत दोष फाइलचाच निघतो, असं माझं मत आहे.

फाइल जड होते ती रेघांमुळे कमी आणि वारशामुळे जास्त. नवं काम आलं की कोऱ्या टेम्प्लेटवरून सुरुवात करणारे थोडे. जुन्या सोसायटीचं ड्रॉइंग उघडायचं, 'सेव्ह ॲज' करायचं, प्लॅन पुसायचा, टायटल ब्लॉकमधलं नाव बदलायचं, ही सर्वमान्य रीत. पुसला जातो तो फक्त प्लॅन. त्याचे लेयर, ब्लॉक, लाइनटाइप, डायमेन्शन स्टाइल फाइलमध्येच मुक्काम ठोकून असतात. त्यात स्ट्रक्चरलवाल्यांच्या फाइलमधून उचललेले कॉलम, कुणीतरी पाठवलेल्या डीपी शीटचा तुकडा, फर्निचरचे ब्लॉक. घर विकत घ्यावं आणि आधीच्या तीन मालकांचं माळ्यावरचं भंगारही आपल्याच नावावर व्हावं, तसा हा प्रकार.

या भंगारात सर्वांत छुपी भानगड डीजीएन लाइनस्टाइलची. डीजीएन हा बेंटलीच्या मायक्रोस्टेशनचा फाइल-प्रकार. रस्ते, रेल्वे अशा मोठ्या प्रकल्पांत तो चालतो. अशी फाइल कुणीतरी, कधीतरी ऑटोकॅडमध्ये आणलेली असते. तिच्या लाइनस्टाइलची माहिती ड्रॉइंगला चिकटते आणि पुढे त्या ड्रॉइंगमधून काहीबाही कॉपी केलं, तरी सोबत येऊ शकते. स्क्रीनवर ती दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की छोट्या बंगल्याची फाइल कित्येक एमबी भरते, साधं कॉपी-पेस्ट करताना हँग होते आणि सेव्ह संपता संपत नाही. नव्या आवृत्त्यांत पर्जच्या खिडकीतच अशा अनाथ डेटासाठी पर्याय आहे, तो निवडलेला आहे ना ते बघा.

साफसफाईआधी फाइलची प्रत बाजूला ठेवा. मग ऑडिट चालवा आणि चुका दुरुस्त करू का असं विचारल्यावर होय म्हणा. त्यानंतर पर्ज. एक ब्लॉक निघाला की त्याने अडकवून ठेवलेले लेयर मोकळे होतात, त्यामुळे काढण्यासारखं काही उरत नाही तोवर पर्ज पुन्हा पुन्हा द्यायचं. कमांडच्या आधी आडवी रेघ टाइप करून पर्ज दिलं, तर रेगॲप्सही काढता येतात. ऑटोकॅडसोबत चालणारे इतर प्रोग्रॅम ड्रॉइंगमध्ये आपली नोंद ठेवून जातात, त्या या नोंदी. एक्सरेफच्या वाटेने त्या एका फाइलमधून दुसरीत जातात आणि हजारोंनी साचतात. एकावर एक पडलेल्या रेघांसाठी ओव्हरकिल आहे, पण ते बेतानं वापरा. सर्व्हेच्या ड्रॉइंगमध्ये हद्दीची रेघ आणि कंपाउंडची रेघ मुद्दामच एकावर एक असू शकते.

सर्व्हेवरून आठवलं. टोटल स्टेशनचं ड्रॉइंग यूटीएम निर्देशांकांवर आलं असेल, तर पुण्यातला प्लॉट मूळ बिंदूपासून उत्तरेला २० लाख मीटरच्या पलीकडे बसतो. तेच ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये नेलं की आकडा २०० कोटींवर जातो. ऑटोकॅड आकडे साधारण १५ अंकांपर्यंत अचूक सांभाळतं, पण ग्राफिक्स कार्डाचं नेहमीचं काम सातेक अंकांच्या अचूकतेवर चालतं. मग हॅच विसकटतो, रेघा थरथरतात आणि झूम अडखळतो. सर्व्हेची मूळ फाइल हलवू नका. इमारतीचं काम मूळ बिंदूजवळ करा आणि ते सर्व्हेच्या फाइलमध्ये एक्सरेफ म्हणून नेमक्या जागी बसवा.

आता कोरी फाइलही रेंगाळत असेल तर. टास्क मॅनेजर उघडला की प्रोसेसर १२-१३ टक्केच वापरात दिसतो आणि आपण म्हणतो, मशीन तर रिकामं बसलंय! तसं नसतं. ऑटोकॅडची पहिली आवृत्ती १९८२ ची. आजही त्याचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं, आणि आठ धाग्यांच्या प्रोसेसरमधला एक पूर्ण घामाघूम झाला, तर एकूण आकडा साडेबाराच्या आसपास दिसतो. म्हणजे मशीन घेताना कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग बघायचा. रॅमचा आकडाही त्याच खिडकीत दिसतो. तो सतत नव्वद टक्क्यांच्या वर असेल, तर हार्डवेअरवाल्याला जरूर बोलवा. लॅपटॉपवर मात्र आधी ऑटोकॅड वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर चालतंय की प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सवर, हे तपासा.

सुरू व्हायलाच किंवा प्लॉटची खिडकी उघडायलाच वेळ लागत असेल, तर प्रिंटर बघा. केव्हाच काढून टाकलेला नेटवर्क प्रिंटर अजून डीफॉल्ट असतो, नाहीतर ड्रॉइंगच्या पेज सेटअपमध्ये त्याचं नाव असतं, आणि ऑटोकॅड त्याला शोधत बसतं. सपोर्ट पाथमध्ये जुन्या सर्व्हरचा पत्ता राहिला असेल तर तिथेही हेच होतं.

शेवटी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'ॲकॅडडॉक' नावाची लिस्प फाइल आहे का ते बघा. ती तुम्ही ठेवलेली नसेल, तर विषाणूची शक्यता धरा. प्रत्येक ड्रॉइंग उघडताना ती आपोआप चालते आणि पुढच्या फोल्डरात स्वतःची प्रत टाकते. काही विषाणू एक्सप्लोडसारख्या कमांड निकामी करतात. २०१४ च्या आवृत्तीपासून विश्वासातल्या फोल्डरबाहेरची अशी फाइल चालवण्याआधी ऑटोकॅड विचारतं. तेव्हा घाईघाईत 'लोड' दाबायचं नाही. आणि एकाच मशीनवरची फाइल पुसून भागत नाही. सर्व्हर, पेन ड्राइव्ह आणि कन्सल्टंटकडून आलेल्या झिप फाइलही शोधाव्या लागतात.